चिविताव्हेकिया ते बार्सिलोना: ७६ वर्षांच्या अप्पांना घेऊन केलेली क्रूझ

वाईची_लेक

अप्पांनी वाईच्या शाळेत बत्तीस वर्षं इतिहास शिकवला. आई गेल्यापासून ते घराबाहेर पडायला नाखूश असायचे. २०२४ च्या दिवाळीत मी सहज विचारलं, "अप्पा, कुठे जावंसं वाटतं?" ते लगेच म्हणाले, "मार्सेलिस." लंडन-पॅरिस नाही, स्वित्झर्लंडही नाही. दरवर्षी वर्गात फळ्यावर जहाज काढून ज्या बंदरातल्या सावरकरांच्या उडीची गोष्ट सांगितली, ते बंदर त्यांना एकदा पाहायचं होतं.

मी चौकशी सुरू केली. ग्रुप टूरच्या बसेस मार्सेलिसला सहसा जात नाहीत. शिवाय रोज नवं हॉटेल, पहाटे साडेपाचला बॅगा दाराबाहेर आणि दिवसभर बस, हे अप्पांच्या गुडघ्यांना झेपलं नसतं. तेव्हा क्रूझचं सुचलं. बॅग एकदाच उघडायची आणि कपाटात कपडे लावायचे. रात्री आपण झोपतो आणि सकाळी गाव दाराशी आलेलं असतं. वयस्क माणसांना घेऊन युरोप पाहायचा तर मला याहून बरा मार्ग सापडलेला नाही. पण त्याच्या अटी आहेत, आणि त्यासाठीच हा धागा काढते आहे.

आमचा मार्ग असा होता: चिविताव्हेकिया (रोमचं बंदर), नेपल्स, मेसिना, माल्टाची राजधानी व्हॅलेटा, एक दिवस नुसता समुद्र, मग जिनोआ, मार्सेलिस आणि शेवटी बार्सिलोना. सात रात्री, २०२५ च्या सप्टेंबरचा शेवट. जहाज मुद्दाम लहान निवडलं, सुमारे सातशे प्रवाशांचं. चार-पाच हजारांच्या जहाजावर तिकीट बरंच स्वस्त पडतं, पण उतरताना-चढताना रांगा लागतात आणि केबिनपासून जेवणघरापर्यंतच चालून माणूस दमतो. लहान जहाजाचे जादा पैसे मी अप्पांच्या पायांसाठी मोजले.

रोमला दोन दिवस आधी पोहोचलो. हे कृपया टाळू नका. विमान उशिरा आलं तर जहाज थांबत नाही. बंदर रोमपासून सुमारे ७० किलोमीटर आहे, म्हणजे रोममध्ये राहिलात म्हणून बंदरावर राहिलात असं होत नाही.

जहाजावर चढल्यावर पहिलं काम म्हणजे आपत्कालीन कवायत. आपली जमण्याची जागा कुठे, लाइफ जॅकेट कसं घालायचं, ते दाखवतात. बरेच जण कंटाळून उभे होते. अप्पा मात्र वहीत लिहून घेत होते. त्यांना ठाऊक होतं की १३ जानेवारी २०१२ ला 'कोस्टा कॉनकॉर्डिया' याच बंदरातून निघालं, काही तासांत जिल्यो बेटाच्या खडकाला लागलं आणि ३२ माणसं गेली. त्या संध्याकाळी इथे चढलेल्या प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती. आता ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावीच लागते.

नेपल्सला सगळे पॉम्पेईला जातात. तिथले दगडी रस्ते आणि चढउतार पाहता आम्ही तो बेत सोडला आणि पुरातत्त्व संग्रहालय गाठलं. धक्क्यासमोर मुनिचिपिओ मेट्रो स्टेशन आहे, तिथून एक नंबरच्या लाइनने 'म्युझेओ' स्टेशन. पॉम्पेईतली उत्तमोत्तम भित्तिचित्रं आणि मोझेक इथेच आणून ठेवलेली आहेत, त्यामुळे काही हुकल्याची रुखरुख लागली नाही. मला खरी ओढ एका लहानशा वस्तूची होती. सुमारे पाव मीटर उंचीची एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती, १९३८ साली पॉम्पेईच्या एका घरात सापडलेली. तिला 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणतात. आता बहुतेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसने गाव राखेखाली गाडलं, त्याआधीच ती तिथे पोहोचलेली होती. अप्पा तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "हिने आपल्या आधी क्रूझ केली."

त्या रात्री जहाज स्ट्रॉम्बोलीजवळून गेलं. स्वागतकक्षात आधी सांगून ठेवलं होतं, त्यांनी रात्री दीडला फोन केला. शाल गुंडाळून आम्ही डेकवर उभे राहिलो. पूर्ण काळोख, आणि थोड्या थोड्या वेळाने डोंगराच्या माथ्यावर लाल ठिणगी उसळायची. जुने खलाशी या बेटाला भूमध्य समुद्राचं दीपगृह म्हणत. पूर्ण प्रवासात पैशांत मोजता न येणारं काय होतं असं कुणी विचारलं तर मी ही पंधरा मिनिटं सांगेन.

मेसिना लहान आहे, धक्क्यावरून दहा मिनिटांत कॅथेड्रल. त्याच्या घंटाघरात १९३३ चं यांत्रिक घड्याळ आहे. भर बाराला सोनेरी सिंह डरकाळी फोडतो, कोंबडा आरवतो, एकामागून एक बाहुल्या सरकतात. शहर मात्र नवं वाटतं, कारण २८ डिसेंबर १९०८ च्या भूकंपाने जुनं जवळजवळ सगळं पाडलं.

व्हॅलेटाला सकाळी लवकर उठा. जहाज ग्रँड हार्बरमध्ये शिरतं तेव्हा दोन्ही बाजूंना मधाच्या रंगाच्या दगडाचे बुरूज इतके जवळ येतात की त्यावरचं गवत दिसतं. १५६५ च्या तुर्की वेढ्यानंतर हे शहर वसवलं. धक्का खाली आणि शहर वर, पण ५८ मीटरची लिफ्ट थेट वरच्या बागेत सोडते. बारा वाजता तोफ होते, ती बागेच्या कठड्यावरून पाहिली. अप्पांना एकही पायरी चढावी लागली नाही.

जिनोआत फार फिरलो नाही. तिथे 'फारिनाता' खाल्ला: हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, तांब्याच्या मोठ्या परातीत भट्टीत भाजलेलं. अप्पांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "धिरडंच की!"

आता मार्सेलिस. त्या दिवशी अप्पा पहाटे पाचलाच उठून बाल्कनीत बसले. उजाडताना चुनखडीची पांढरी बेटं दिसली, मग टेकडीवरचं नोत्र-दाम द ला गार्द चर्च आणि त्यावरची सोनेरी मूर्ती. नाश्ता करून टॅक्सीने जोलिएतच्या जुन्या गोद्यांकडे गेलो. १९१० मध्ये जे होतं त्यातलं थोडंच उरलंय, पण लाटरोधक भिंत, तिच्या आतलं संथ पाणी आणि लांबलचक सरळ धक्के आहेत.

अप्पा पाण्याकडे बघत राहिले. मला वाटलं डोळे भरून येतील. तसं झालं नाही. ते नजरेने अंतर मोजत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "पोहायचं अंतर कमीच आहे गं. अवघड होतं ते पुढचं. हा धक्का बघ, सरळसोट. लपायला आडोसा नाही, भाषा येत नाही, अंगावर कपडे नाहीत. मी बत्तीस वर्षं पोरांना उडी सांगितली. पळणं सांगायचं राहून गेलं."

मग आम्ही माझार्गच्या युद्धस्मशानात गेलो. पहिल्या महायुद्धात १९१४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हिंदी फौजा याच बंदरात उतरल्या होत्या. तिथे ओळीने दगड आहेत, त्यावर आपल्याकडची नावं. आम्ही दोघंच होतो. अप्पांनी जमेल तितकी नावं मोठ्याने वाचली.

बार्सिलोनाबद्दल लिहीत नाही, तिथे आम्ही दमलेले होतो. साग्रादा फमिलियाची तिकिटं आधी काढा एवढंच सांगते.

प्रश्न विचारा, जमेल तशी उत्तरं देईन.

निळाई

मार्सेलिसचे परिच्छेद दोनदा वाचले. अप्पांना नमस्कार सांगा.

व्हिसा कुणाकडे मागितला? चार देश आहेत ना? आणि शाकाहारी जेवणाचं कसं झालं?

वाईची_लेक

निळाई, चारही देश शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात) आहेत, माल्टासुद्धा २००७ पासून. ज्या देशात जास्त दिवस त्याच्याकडे अर्ज करायचा. आमचे रोमचे दिवस आणि इटलीची चार बंदरं धरून इटलीच आलं. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज देता येतो. मी अडीच महिने आधी दिला आणि तरी धाकधूक होती. जहाजाच्या तिकिटाबरोबर बंदरांचं वेळापत्रक छापून जोडलं. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो, पण तेवढ्यावर थांबू नका. जहाजावरचा दवाखाना वेगळे पैसे लावतो आणि समुद्रातून रुग्णाला हलवायची वेळ आली तर खर्च फार होतो. 'क्रूझ' हा शब्द पॉलिसीत लिहिलेला आहे ना, ते पाहून घ्या.

तुमच्या मार्गात ट्युनिशिया असेल तर एकदा शेंगेनबाहेर पडून पुन्हा आत यावं लागतं, तेव्हा अनेकवेळा प्रवेशाचा व्हिसाच मागा.

जेवणाचं: ज्या एजंटकडून बुकिंग केलं त्यांनी 'शाकाहारी' कळवतो म्हणून सांगितलं होतं, ते जहाजापर्यंत पोहोचलंच नव्हतं. पहिल्या रात्री अप्पा सूप-ब्रेडवर राहिले. सूप कशात शिजवलंय हे त्यांनी तीनदा विचारलं. दुसऱ्या दिवशी मुख्य वाढप्याला भेटून सगळं समजावलं. त्यानंतर रोज संध्याकाळी उद्याचं कार्ड आणून तो स्वतः विचारायचा. दाल-भात सांगितला की मिळायचा. तेव्हा एजंटवर विसंबू नका, चढल्या दिवशी स्वतः बोला.

दर्यावर्दी_दापोली

ताई, फार आपुलकीने लिहिलंत. मी अकरा वर्षं प्रवासी जहाजांवर होतो, आधी गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, आणि मग हाउसकीपिंगला. आमच्या पंचक्रोशीत दर चार घरांमागे एखादा बोटीवर असतो. गोव्यात तर पिढ्यान् पिढ्या. तिथे त्यांना तारवटी म्हणतात, आणि मुंबईत त्यांच्या गावागावांची कूडं आहेत, जिथे साइन ऑनची, म्हणजे बोटीवर रुजू होण्याची, वाट बघत माणसं राहायची. म्हणून पलीकडच्या बाजूचं थोडं सांगतो.

तुम्ही चढता तो दिवस आमच्यासाठी सगळ्यात कठीण. सकाळी जुने प्रवासी उतरतात, दुपारी नवे चढतात. मधल्या चार-पाच तासांत सगळ्या केबिनी, चादरी, स्नानगृहं, शेकडो बॅगा आणि आठवड्याचा शिधा चढवणं. त्यामुळे त्या दिवशी केबिन थोडी उशिरा मिळाली तर ओरडू नका, एवढी विनंती.

जहाज का थांबत नाही हे लोकांना कळत नाही. धक्क्याची वेळ ठरलेली असते. पायलट (बंदरातून वाट दाखवणारा), टग (जहाज ओढणारी बोट) आणि दोर सोडणारी माणसं त्या वेळेला बोलावलेली असतात. धक्क्याचं भाडं आहे, आणि मागे दुसरं जहाज उभं असू शकतं. उशीर भरून काढायला वेग वाढवला तर तेल किती जळतं हे इंजिनवाल्याला विचारा. जहाजाने स्वतः नेलेली सहल उशिरा आली तर थांबतात, कारण ती जबाबदारी त्यांची. स्वतःहून गेलेल्यांसाठी नाही. जहाज सुटण्याच्या अर्धा तास आधी गँगवे, म्हणजे चढण्या-उतरण्याचा जिना, उचलतात, हे लक्षात ठेवा. कुणी राहिलंच तर केबिनच्या तिजोरीतला पासपोर्ट काढून बंदरातल्या एजंटकडे देतात. त्या एजंटचा नंबर रोजच्या कार्यक्रमपत्रिकेवर छापलेला असतो. उतरताना त्याचा फोटो काढून ठेवा.

आणि एक मनापासूनचं. करार सहा ते नऊ महिन्यांचा असतो, सुट्टीचा वार नसतो. २००६ च्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे चोवीस तासांत दहा तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती द्यावीच लागते, म्हणजे उरलेलं गणित तुम्हीच करा. मी बापाच्या तेराव्याला पोहोचलो नाही. तुमच्या केबिनवरच्या पोराला नावाने हाक मारा, गाव विचारा. खूप बरं वाटतं.

वाईची_लेक

दादा, आमच्या मजल्यावरचा मुलगा मडगावजवळचा होता. अप्पा रोज त्याच्याशी कोकणी-मराठी मिसळून बोलायचे. शेवटच्या दिवशी तो अप्पांच्या पाया पडला. तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं.

हिशेबी

भावना समजल्या, आता आकडे. सातशे प्रवाशांचं जहाज म्हणजे खिशाला चांगलाच फटका असणार. स्पष्ट सांगाल का?

वाईची_लेक

सांगते. लपवण्यासारखं काही नाही. जहाजाचे माणशी पावणेचार लाख. त्यात जेवण, पेयं, वाय-फाय आणि टीप आली. विमान, रोमचे दोन दिवस, बार्सिलोनाची एक रात्र, व्हिसा, विमा आणि टॅक्स्या धरून दोघांचे दहा लाखांच्या थोडे पुढे गेले. माझी पाच वर्षांची बचत होती. टीसीएस (बुकिंगच्या वेळीच घेतला जाणारा आयकर) कापला गेला, तो विवरणपत्र भरताना वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात हे धरून चला.

मोठ्या जहाजावर याच भागात निम्म्याहून कमी लागतात. मात्र तिथे तिकिटाचा आकडा हा सुरुवातीचा आकडा असतो. माणशी-दररोज सेवाशुल्क, पाण्याची बाटली, कॉफी, वाय-फाय, वेगळी जेवणघरं, सहली हे सगळं वर. तुलना करायची तर शेवटच्या बिलांची करा.

जहाजाच्या सहली आम्ही घेतल्याच नाहीत. नेपल्स, मेसिना, व्हॅलेटा, जिनोआ या चारही ठिकाणी धक्का शहराला लागून आहे, पायी किंवा मेट्रोने भागतं. बंदर निवडताना मी हेच पाहिलं होतं. पैसे जहाजात कमी-जास्त करता येतात, पण बंदर गावापासून लांब असलं तर वेळ आणि टॅक्सी दोन्ही जातात.

मराठवाडी

ताई, तुम्ही पॉम्पेईच्या मूर्तीचं लिहिलंत आणि मी खुर्चीत सरसावून बसलो. तिच्यासारखीच हस्तिदंती मूर्ती आमच्या तेरला आहे! धाराशिव जिल्ह्यातलं तेर, गोरोबाकाकांचं गाव. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात मी ती लहानपणी शाळेच्या सहलीत पाहिली. जालन्यातल्या भोकरदनच्या उत्खननातही तशाच घडणीच्या मूर्तीचा भाग मिळाला. या साम्यावरून नेपल्समधली मूर्ती आपल्याकडच्या, सातवाहनांच्या मुलखातल्या कारागिराची असावी असं अनेक अभ्यासकांना वाटतं. तिच्या बैठकीवर खरोष्ठी (वायव्येकडच्या जुन्या लिपीतलं) अक्षर आहे, त्यामुळे ती वायव्येकडून फिरून गेली का, हा वाद आहे.

तेर म्हणजे ग्रीकांचं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय की पैठण आणि तगरचा माल गाड्यांवरून भडोचला जायचा, आणि तिथून जहाजांनी पुढे. तेव्हा अप्पा म्हणाले ते शब्दशः खरं आहे. बैलगाडीने भडोच, जहाजाने तांबडा समुद्र, तिथून वाळवंटातून नाईल, मग अलेक्झांड्रियाहून पुन्हा जहाज. मान्सूनचा वारा धरून निघालेल्या खलाशांनी ती नेली असावी.

ज्यांना जायचं आहे त्यांनी एक बघावं: नेपल्सचं ते संग्रहालय मंगळवारी बंद असतं. जहाज मंगळवारी लागणार असेल तर आधीच दुसरा बेत ठेवा.

निळाई

हे मला अजिबात माहीत नव्हतं. मंगळवारचं लिहून ठेवते.

काठावरचा_वकील

मार्सेलिसबद्दल थोडी भर, कारण या प्रसंगाची कायद्याची बाजू कमी सांगितली जाते.

सावरकरांना कैदी म्हणून हिंदुस्थानात नेणारं 'मोरिया' जहाज ७ जुलै १९१० ला संध्याकाळी मार्सेलिसला पोहोचलं. ८ ला सकाळी सावरकर शौचकुपाच्या खिडकीतून निसटले आणि पोहत धक्क्यावर आले. फ्रेंच सागरी पोलिसांच्या एका ब्रिगेडियरने त्यांना पकडलं आणि जहाजावरून धावत आलेल्या माणसांच्या साथीने परत जहाजावर नेलं. सगळं काही मिनिटांत. जहाज दुसऱ्या दिवशी निघून गेलं. फ्रान्सने नंतर त्यांना परत मागितलं: राजकीय कैदी आमच्या भूमीवर आला होता, रीतसर प्रत्यर्पण न करता त्याला कसं नेलंत? प्रकरण हेगच्या स्थायी लवाद न्यायालयात गेलं. २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल आला: पकडून परत देण्यात अनियमितता झाली, पण म्हणून ब्रिटनवर कैदी परत करण्याचं बंधन येत नाही. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या वर्गात हा खटला आजही शिकवतात. मीही तिथेच पहिल्यांदा नीट वाचला, आणि शाळेत ऐकलेल्या गोष्टीपेक्षा तो मला जास्त लागला.

अप्पांनी धक्क्यावर उभं राहून जे टिपलं ते निवाड्यातही आहे. पोहून धक्क्यावर येतो आणि पळू लागतो, तिथेच पकडला जातो. सगळा वाद त्या पळण्याच्या थोड्याशा जमिनीचा आहे. ती जमीन फ्रान्सची होती.

व्यवहाराची सूचना: मोठी जहाजं मार्सेलिसला शहराच्या बरीच उत्तरेला लागतात. तिथून व्हिय पोर्टला (शहरातल्या जुन्या बंदराला) चालत जाण्याचा विचार करू नका, शटल घ्या.

वाईची_लेक

तुमचा प्रतिसाद अप्पांना वाचून दाखवला. "ती जमीन फ्रान्सची होती" हे वाक्य त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. निवाड्याचा मजकूर मराठीतून समजावून द्याल का, असं विचारतायत. सवड मिळाली तर वेगळा धागा काढा, त्यांना खरंच हवाय.

बार्सिलोनातून

मी गेली नऊ वर्षं इथे राहतो. ताईंच्या प्रवासाबद्दल आदर आहे, पण धागा वाचून पन्नास जण बुकिंग करतील, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

उन्हाळ्यात एकाच दिवशी पाच-सहा जहाजं लागतात. हजारो माणसं सकाळी नऊला रांब्लावर उतरतात आणि चारला परत जातात. जेवण जहाजावर, झोप जहाजावर. शहराला मिळते ती गर्दी. बोकेरिया मंडईत पूर्वी माझे शेजारी रोजची मासळी घ्यायचे, आता तिथे कापलेल्या फळांचे पेले विकतात. घरभाडी कुठल्या कुठे गेली. २०२४ च्या जुलैत लोक रस्त्यावर आले, ते काही उगीच नव्हे. बंदराने आता सात टर्मिनलं २०३० पर्यंत पाचावर आणायचं ठरवलंय. इटलीने १ ऑगस्ट २०२१ पासून मोठी जहाजं व्हेनिसच्या जुन्या शहरासमोरच्या कालव्यातून बंद केली.

हवेचाही प्रश्न आहे. धक्क्याला उभं जहाज वीज बनवायला इंजिनं चालू ठेवतं. १ मे २०२५ पासून भूमध्य समुद्रात इंधनातलं गंधक ०.१ टक्क्यावर आणण्याचा नियम लागू झाला, हे चांगलं पाऊल आहे. पण माझ्या मुलीला दमा आहे, आणि आम्ही बंदराच्या बाजूला राहतो.

येऊ नका असं म्हणत नाही. या, पण निदान दोन रात्री शहरात काढा. सकाळी सातला, जहाजं यायच्या आधी, गॉथिक भागातून चाला. गल्लीतल्या बेकरीत उभ्याने कॉफी प्या. बार्सेलोनेतापेक्षा ग्रासिया किंवा पोब्ले-सेकमध्ये जेवा.

वाईची_लेक

तुमचं म्हणणं वाचून मी दोन दिवस काही लिहिलं नाही. तुम्ही बरोबर आहात, आणि बार्सिलोनात मी नेमकं तेच केलं जे टाळा म्हणून तुम्ही सांगताय: एक रात्र, दोन इमारती, विमानतळ.

पण अप्पांसारख्या माणसापुढे दुसरा मार्ग नव्हता हेही खरं. ट्रेनने ही सात शहरं त्यांना झेपली नसती. मला वाटतं उत्तर कुठेतरी कमी बंदरांत आहे. पुन्हा जायचं झालं तर मी सातऐवजी चार बंदरांची फेरी बघेन, जिथे जहाज रात्रीचंही थांबतं. लहान जहाजांच्या काही फेऱ्या तशा असतात. आणि चढण्या-उतरण्याच्या शहरांत तीन-तीन रात्री. तुमच्या मुलीला लवकर बरं वाटो.

बार्सिलोनातून

रात्रीच्या मुक्कामाचं तुम्ही म्हणता ते आम्हालाही चालेल. संध्याकाळी माणसं शहरात जेवली तर निदान गल्लीतल्या दुकानांचं भलं होईल.

गुलबक्षी

आईला बोट लागते. अलिबागच्या लाँचमध्येही तिला उलट्या होतात. तिला न्यावं का? वय ६८, मधुमेह आहे.

डॉक्टर_काकू

गुलबक्षी, लाँच आणि जहाज यांच्या हलण्यात फार फरक आहे. मोठ्या जहाजाला पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते डोलणं बरंच कमी करतात. तरी केबिन मध्यभागी आणि खालच्या डेकवर घ्या. सगळ्यात वरची बाल्कनी महाग असते आणि हलतेही जास्त. मे-जून किंवा सप्टेंबरमध्ये जा. हिवाळ्यात हा समुद्र खवळतो. मळमळ वाटली की आत पडून राहू नये, डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहावं. पोट रिकामं ठेवू नये, आल्याचा तुकडा चघळावा. गोळ्या तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. त्यांनी झोप येते, आणि मधुमेहात जेवण चुकलं तर साखर उतरते, म्हणून आईंनी कधी काय घ्यायचं हे कागदावर लिहून न्या. औषधं हातातल्या पिशवीत, कारण चढल्यावर मोठी बॅग केबिनवर यायला संध्याकाळ होते.

दुसरं, हात साबणाने धुवा. जहाजावर पोटाचा जो साथीचा विषाणू पसरतो, नोरोव्हायरस, त्यावर सॅनिटायझर फारसा चालत नाही.

गुलबक्षी

काकू, खूप आभार. बॅगेचं तर लक्षातच आलं नसतं. आईला विचारते आज.

दर्यावर्दी_दापोली

काकूंचं सगळं बरोबर. आम्ही नव्या पोरांना सुकी बिस्किटं आणि हिरवं सफरचंद द्यायचो. तिसऱ्या दिवशी शरीर सरावतं.

आता जाणाऱ्यांसाठी आणखी एक: १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद सुरू झाली आहे. विमानतळावर वेळ जास्त लागतो. जहाजाच्याच दिवशी उतरणारं विमान तर आता मुळीच घेऊ नका.

मराठवाडी

ताई, अप्पांची तब्येत बरी असेल तर एकदा तेरला घेऊन या त्यांना. नेपल्सची पाहिली, आता तिची बहीणही पाहून होईल. गोरोबाकाकांचं दर्शन होईल, आणि विटांचं त्रिविक्रमाचं जुनं मंदिर आहे, ते मूळचं बौद्ध चैत्य मानतात. चढउतार फारसा नाही.

वाईची_लेक

हे वाचून दाखवायच्या आतच अप्पांनी नकाशा काढला होता. त्यांच्या वहीत नेपल्सच्या मूर्तीचं पेन्सिलीने काढलेलं चित्र आहे: दोन्ही बाजूंच्या लहान दासी, गळ्यातले हार, मागे वळवलेला हात. तेरच्या मूर्तीशेजारी ते धरून बघायचं म्हणतायत. फेब्रुवारीत येतो, ऊन चढायच्या आत. वाईहून गाडी करून निघू. रस्त्यात थांबायला कुठे बरं, तेवढं कळवा.

मराठवाडी

बार्शीला थांबा. जेवण माझ्याकडे. ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी चालते ना अप्पांना?

वाईची_लेक

चालते म्हणजे काय! आठ दिवस जहाजावर त्यांनी सगळ्यात जास्त आठवण तिचीच काढली.